शून्य म्हणजे मेली

१७ नोव्हेंबर

निमगाव केतकीहून संध्याकाळच्या एसटीने बारामतीला परतले. घसा बसलाय, चपलांना पानमळ्यातला चिखल आहे, आणि नीळकंठ दोनदा विचारून गेला की स्वारी आज एवढी खुशीत कशी. त्याला अजून सांगितलं नाही. आधी लिहून ठेवते.

तंत्रनिकेतनात मी इतकी वर्षं चुंबकीय क्षेत्र शिकवतेय. समोरची मुलं पास होण्यापुरतं ऐकतात. आजच्या बायकांना पास व्हायचं नव्हतं. बचत गटाच्या बायका, बहुतेकींच्या घरी पानमळा आणि बोअर. मोटर, स्टार्टर, केबल रोज पायात येतात, पण घरातला पुरुष आल्याशिवाय हात लावायचा नाही. विभागप्रमुख विजयसिंह सरांनी कार्यशाळेला 'महिला आणि विद्युत सुरक्षा' असं भारदस्त नाव दिलं होतं. चहा आणि बसायच्या ताडपत्र्या गावातल्या अल्ताफभाईंच्या. त्यांचं पाइप, केबल आणि मोटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे.

मी टाँग टेस्टर काढला. सांगितलं, तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, मनगटाभोवती बांगडी असते तसं. ते दिसत नाही. या यंत्राचा जबडा तारेभोवती मिटला की ते क्षेत्र जबड्यात पकडलं जातं आणि वीज किती वाहतेय ते आकड्यात दिसतं. तारेला हात लावायची गरज नाही.

"म्हंजे चिमटाच की," एक म्हातारी म्हणाली. तिथून पुढे दिवसभर तो चिमटाच.

दुसरी म्हणाली, "मॅडम, आमच्या मालकाला लावून बघू का? दिसभर शून्यच दावंल."

हसून हसून सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. मीही हसले.

मग रोहिणीच्या मळ्यात गेलो. रोहिणी गटाची सचिव, तिशीतली, बारावी झालेली, प्रश्न विचारणारी. तिच्या बोअरवर प्रत्यक्ष दाखवायचं ठरलं होतं. स्टार्टरची पेटी उघडून आतल्या सुट्या तारांना एकेक करून चिमटा लावायचा, मोटर चालू करून आकडा दाखवायचा. पण आज थ्री फेज लाईट आलीच नाही, आणि पेटीभोवती एवढी गर्दी झाली की ती उघडायची मला भीती वाटली. म्हणून जबडा कसा उघडतो, कसा मिटतो हे बाहेरच्या केबललाच लावून दाखवलं. लाईट नव्हती, आकडा शून्य आला. मी हात वर करून म्हणाले, "बघा. शून्य! शून्य म्हणजे मेली!"

इथे लाईन गेली की बायका 'लाईन मेली' म्हणतात. मला तो शब्द त्यांच्याच तोंडून मिळाला होता आणि तो मी त्यांना परत दिला. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "शून्य म्हंजे मेली!" पुस्तकी मराठीत हे कधी जमलं नसतं. आज मला शिकवता आलं, असं वाटतंय.

१८ नोव्हेंबर

विजयसिंह सरांनी कालचे फोटो पाहिले. हात वर केलेला माझा फोटो वार्षिक अहवालात जाणार.

पेटी उघडून सुट्या तारांवर दाखवायचा भाग राहिला, तो पुन्हा जाऊन करायला हवा असं मी म्हणाले. सर म्हणाले, जरूर, पुढच्या सत्रात बघू. मी हो म्हणाले. पुढच्या सत्रात ठीक आहे.

५ डिसेंबर

अल्ताफभाईंचा फोन. बचत गटाला त्यांनी एक नवा टेस्टर वापरायला दिला, म्हणाले, "बायका रोज दुकानात येऊन चिमटा चिमटा करत्यात. म्हणलं, घ्या बाबा." फोन ठेवल्यावर बराच वेळ हसू येत होतं.

१९ डिसेंबर

रोहिणीला शॉक बसला. जिवंत आहे. उजवा हात भाजलाय, बारामतीत आणलंय.

गटातल्या एकीने फोनवर सांगितलं ते असं. स्टार्टरपासून बोअरपर्यंत बांधावरून केबल जाते, तिच्यातल्या एका सांध्याची पट्टी सुटली होती. शेजाऱ्यांनी सोडलेलं पाणी सरीतून तिकडे येत होतं. पाणी पोचायच्या आत पट्टी गुंडाळावी म्हणून रोहिणी गेली. लाईट आलीय का नाही, तिला माहीत नव्हतं. स्टार्टर ऑटोवर होता. लाईट आली की मोटर आपोआप चालू होते, आणि पाणी पलीकडच्या शेततळ्यात पडतं, म्हणून बांधावर आवाज येत नाही. तिने गटाचा चिमटा आणला, केबलला लावला, शून्य बघितलं आणि सांधा धरला.

मोटर चालू होती.

"चिमट्यानं शून्य दावलं, मॅडम, आन् लाईन जित्ती! डुप्लिकेट माल हो अल्ताफचा."

मी म्हणाले, अरेरे. म्हणाले, काळजी घ्या.

आणखी काही लिहायला हवं. उद्या लिहीन.

२१ डिसेंबर

हॉस्पिटलात जाऊन आले. सासऱ्यांनी, गेणबांनी, लाकडी दांड्याने केबल उडवली म्हणून ती वाचली. उजव्या हाताला पट्ट्या आहेत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट नीट वळेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. पान खुडायला लागतात तीच ही दोन बोटं.

गेणबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मला बघून टोपी नीट केली. "मॅडम, तुमी कशाला तरास घेतला. तुमी बरोबरच शिकवलं. त्यो अल्ताफच खोटा निघाला."

रोहिणी म्हणाली, "मी तुमचं वाक्य म्हणत म्हणतच गेले व्हते, मॅडम. पाठच झालंय ते. शून्य म्हंजे मेली." मग जरा वेळाने, "माझंच काय तरी चुकलं आसंल."

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. म्हणाले, विश्रांती घे.

खरं लिहायचं तर 'माझंच चुकलं असेल' असं ती म्हणाली तेव्हा मला हलकं वाटलं. का वाटलं ते कळत नाही. कदाचित ती नीट बोलू शकतेय, म्हणून असेल.

२३ डिसेंबर

आज दुसऱ्या वर्षाचा तास. तारेभोवतीचं क्षेत्र, अभिवाह, टाँग टेस्टरचं तत्त्व. मुलं 'अभिवाह' म्हणत नाहीत, फ्लक्सच म्हणतात. फळ्यावर तीन तारा आणि त्यांतल्या एकीभोवती जबडा काढला. प्रगतीने हात वर केला. पहिल्या बाकावरची, नीटनेटकी मुलगी.

"मॅडम, तारा सुट्या केल्या नाहीत आणि अख्ख्या केबललाच जबडा लावला तर?"

मी क्षणभरही न थांबता सांगितलं. "तिन्ही तारांमधले प्रवाह कोणत्याही क्षणी मिळून शून्य होतात. त्यांची क्षेत्रं जबड्यात एकमेकांना खोडून काढतात. एकूण अभिवाह शून्य. मोटर पूर्ण भारावर चालत असली तरी टेस्टर शून्यच दाखवणार."

"म्हणजे खोटं दाखवणार?"

"खोटं नाही. त्याला विचारलेलं तो खरंच सांगतो. आपण प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. लिहून घ्या, परीक्षेला येतो."

येतोच. मीच घालते. दोन गुणांना. नव्या पिढीला सोपा जावा म्हणून गेल्या वर्षी त्यात आकृतीही दिली होती.

सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. मी खडू ठेवला आणि पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेले.

१९ तारखेला फोनवर 'केबलला लावला' हे ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं. तेव्हा लिहिलं नाही. वहीत लिहिलं नाही म्हणजे अजून नक्की झालं नाही, असं काहीतरी मनात असावं. आता लिहिते. रोहिणीने मी दाखवलं तसंच केलं. अगदी तसंच. आणि दुसरं, मोटर बंद असताना एकट्या तारेवरही शून्यच येतं, पण तारेत वीज असू शकते. हा टेस्टर वाहणारी वीज सांगतो, थांबलेली नाही. म्हणजे ते वाक्य दोन्ही बाजूंनी चूक होतं. चांगलं जमलं होतं, एवढंच.

सांगायला हवं. पण आधी गटाचा तो मीटर प्रत्यक्ष पाहायला हवा. न पाहता त्याला खरा म्हणणंही बरोबर नाही. खरंच डुप्लिकेट असला तर?

२७ डिसेंबर

अल्ताफभाई कॉलेजात आले. रुमालात गुंडाळून तोच टेस्टर आणला होता. प्रयोगशाळेच्या दारातच चपला काढायला लागले, मी नको म्हटलं.

"मॅडम, ह्यो तोच पीस. कंपनीचा म्हणून घेतला मी. आता समदं गाव डुप्लिकेट म्हणतंय. डुप्लिकेट आसंल तर तसं सांगा, मी चावडीवर उभा राहून कबूल करीन. पण मला कळू तर द्या. मला झोप न्हाय."

समोर मी. हातात मीटर. एक वाक्य बोलायचं होतं.

"तपासून सांगते," मी म्हणाले. "घाईने सांगणं योग्य नाही."

"न्हाय न्हाय, घाई नगंच," ते म्हणाले. "तुमी नीट बघा. तुमच्यावर सोपीवलं."

जाताना त्यांनी माझ्यासाठी आणलेली पानाची एक चवड टेबलावर ठेवली.

२ जानेवारी

मीटर ठीक आहे. एका तारेवर कमी प्रवाहाला बरोबर, जास्त प्रवाहाला बरोबर. प्रयोगशाळेतल्या प्रमाणित मीटरशी ताडून पाहिलं. मग वाटलं, बांधावर सकाळची थंडी होती, थंडीचा परिणाम होत असेल का. तेही पाहिलं. मग वाटलं, बॅटरी. नवी घालून पुन्हा पाहिलं.

नीळकंठ मला न्यायला आला होता, दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "अगं, आता तो मीटर तरी दमला असेल."

त्याला काल सगळं सांगितलंय. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता काय तपासतेस?" मी म्हणाले, पूर्ण खात्री हवी.

अख्ख्या केबलला जबडा लावून मात्र पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. मोटर घरघरत होती. शून्य.

८ जानेवारी

विजयसिंह सरांशी बोलले. त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. "प्रात्यक्षिक अपूर्ण राहिलं होतं" असं म्हणाले, "चुकीचं केलं" असं नाही.

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी आधी रोहिणीची चौकशी केली. मग म्हणाले, "मॅडम, फेब्रुवारीत मूल्यांकन समिती येतेय. तो फोटो अहवालाच्या पहिल्या पानांत आहे. मीटर ठीक आहे, तर ठीक आहे म्हणून कळवा त्या माणसाला. त्याचंही काम झालं. बाकी वापरणाऱ्याच्या हातून काय झालं, ते आपण कसं सांगणार?"

पटलं असं नाही. पण मी लगेच अल्ताफभाईंना फोन केला. "मीटर उत्तम आहे," म्हणाले. "वापरताना काहीतरी चूक झाली असावी."

ते म्हणाले, "उपकार झाले, मॅडम."

हे खोटं नाही. मी एकही खोटा शब्द बोललेले नाही.

चूक झाली असावी. मराठीत असं बोलता येतं. चूक आपली आपण होते, कुणी करावी लागत नाही.

१५ जानेवारी

काल संक्रांत. संध्याकाळी कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. हातात तिळगुळाचं ताट होतं तेव्हा सबिनाचा, अल्ताफभाईंच्या बायकोचा, फोन आला. मागच्या अंगणात जाऊन घेतला.

"मॅडम, सणाचं तुमाला तरास देते. यांनी दुकान उघडायचं सोडलंय. समदा माल डाळजच्या माझ्या भावाला देऊन टाकतो म्हणत्यात. दुसरं कायबी करीन पर विजेचं विकणार न्हाय म्हणत्यात."

मी म्हणाले, पण मीटर चांगला आहे हे मी सांगितलं होतं ना.

"व्हय. त्यांनी सांगितलं गावात. तर लोक म्हणले, मॅडम तुझ्याच की, चहा तूच पाजला व्हतास. आन् गेणबाच्या घरी म्हणले, बघा, मीटर चांगला, म्हंजे आमच्या सुनंनंच माती खाल्ली. तिला गटातनं काढलं त्यांनी. चिमटा न् फिमटा, शिकायला गेली व्हती शाणी, आसं बोलत्यात तिला." ती थांबली. "एक इचारू? राग नगा मानू. हे म्हणत्यात, मॅडम लई भल्या बाई हायत, मला वाचवायला खोटं बोलल्या. मीटर खराबच आसणार. माझ्या हातनं त्या पोरीचा हात गेला, आसं रोज म्हणत्यात. तुमी खरं सांगितलंय ना, मॅडम? समदं?"

आतून कुणीतरी हाक मारली, अगं आसावरी, तिळगूळ घे, गोड बोल.

सबिनाला मी काय उत्तर दिलं ते लिहायचं आहे. मी म्हणाले, "मी येते तिकडे." एवढंच जमलं.

मी खरं सांगितलं ते अर्धं, म्हणून अल्ताफभाईंना ते दयेचं खोटं वाटलं. आणि रोहिणीवर तेच अर्धं दगडासारखं जाऊन पडलं. मी मात्र घरी बसून माझ्या वाक्यात खोटा शब्द आहे का ते तपासत होते.

१८ जानेवारी

आज निमगावचा बाजार. मुद्दाम आजच गेले, गर्दी असते म्हणून. काल नीळकंठ म्हणाला होता, मी येतो. मी नको म्हटलं. तो बाजूला असता तर मी त्याच्याकडे बघत बोलले असते.

विजयसिंह सरांना सकाळी फोन करून सांगितलं की मी जातेय आणि काय सांगणार आहे. सर म्हणाले, तुम्ही विचार केलाय ना? मी म्हणाले, महिनाभर तेवढंच केलंय. तो फोटो अहवालातून काढा, असंही म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

दुकान बंद होतं. सबिनाने घरातून त्यांना बोलावून आणलं. दाढी वाढलेली. मी म्हणाले, अल्ताफभाई, शटर उघडा आणि मला चार दिवे जोडून द्या. त्यांनी काही न विचारता जोडून दिले. भाजीवाल्या, पानाचे व्यापारी, गटातल्या तीन-चार बायका जमल्या. कुणीतरी म्हणालं, "आली बगा अल्ताफची मॅडम."

चार दिवे पेटले. मी टेस्टर अख्ख्या केबलला लावला आणि सगळ्यांसमोर फिरवला. शून्य.

"घ्या! म्हणलं न्हवतं, डुप्लिकेट!" मागून एकजण ओरडला.

मग दिवे बंद करून केबल सोलायला घेतली. पहिल्यांदा पातं आतल्या तारेपर्यंत गेलं, दुसरा तुकडा घ्यावा लागला. तारा वेगळ्या करून जोडल्या, दिवे पुन्हा लावले, जबडा एकीभोवतीच मिटला. आकडा आला. पुन्हा दोन्हींभोवती, शून्य. पुन्हा एकीभोवती, आकडा.

"दोन तारांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात," मी म्हणाले. "अख्ख्या केबलला लावला की हा मीटर नेहमीच शून्य दाखवणार. कितीही भारी असो, कुठल्याही कंपनीचा असो. आणि एका तारेवर शून्य आलं तरी तिच्यात वीज नाही असं समजायचं नाही. हा मीटर खरा आहे. मी अख्ख्या केबलला लावून दाखवलं, आणि शून्य म्हणजे मेली असं मी शिकवलं. रोहिणीने तेच केलं. चूक मी केली."

मी केली. हे दोन शब्द मोठ्याने म्हणायला मला बारामतीहून तिथे जावं लागलं.

पहिल्या दिवशी चिमटा नाव ठेवणारी म्हातारी पुढेच उभी होती. तिने विचारलं, "मंग बाई, ह्ये तुमाला कवा कळलं?"

"रोहिणीला शॉक बसला त्याच दिवशी."

"मंग महिनाभर काय तपासत व्हता?"

"काही नाही," मी म्हणाले. "भ्याले होते."

म्हातारी मान हलवून बाजारात निघून गेली. तिच्या मागोमाग बाकीचे.

अल्ताफभाईंनी टेस्टर हातात घेऊन उलटासुलटा केला. "म्हंजे माझा पीस खरा व्हता?"

"हो."

"आन् तुमी मला फोनवर सांगितलं, ते माझ्यावर दया म्हणून न्हवतं?"

"नाही. मीटर खराच होता. मी बाकीचं सांगितलं नव्हतं."

"मी रोज दुवेत त्या पोरीच्या हाताची माफी मागत व्हतो, मॅडम." आवाज चढलेला नव्हता. "रोज. तुमी मागत व्हता का?"

माझ्याकडे उत्तर होतं, ते द्यायची लाज वाटली.

मी त्यांची माफी मागायला लागले तर त्यांनी हात आडवा केला. "हितं नगं. तिकडं जावा." आणि गिऱ्हाईक आल्यासारखे आत वळले. गिऱ्हाईक नव्हतं. पण शटर त्यांनी ओढलं नाही.

रोहिणीच्या घरी कुलूप होतं. हात दाखवायला बारामतीला गेलेत, शेजारीण म्हणाली. ज्या एसटीने मी आले, ती जाताना ते तिच्यातच बसले असतील.

१९ जानेवारी

रजा टाकली आणि पुन्हा गेले.

बाजारात काय झालं ते घरी पोचलेलं होतं. गेणबांनी बसा म्हटलं नाही. "लई शाळा झाली, मॅडम," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवलं. महिन्यापूर्वी हेच माझ्यासाठी टोपी नीट करत होते. मला आजचं जास्त बरोबर वाटलं.

रोहिणी मळ्यात होती. डाव्या हाताने पान खुडून बघत होती. देठ लांब राहत होता, ती पान टाकून देत होती. पायाशी बराच सडा पडला होता.

मी सगळं सांगितलं. झाली असावी, राहून गेलं, असं काहीही न म्हणता. तिने मधे एकदाही तोडलं नाही.

"मी दवाखान्यात म्हणलं, माझंच चुकलं आसंल," ती म्हणाली. "तवा तुमी कपाळावर हात ठिवला माझ्या."

"हो."

"तवा ठावं व्हतं तुमाला."

"हो."

तिने आणखी एक पान खुडलं, टाकलं. रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. म्हणाली, "माझा दीर म्हणला, बाईमाणसानं विजेत हात घालायचाच न्हाय. गटात आता कोणबी चिमट्याला हात लावत न्हाय. माझी बोटं गेली ती गेली. पर मी येडी न्हाय, ह्ये मला माझ्याच घरात सांगता येईना झालं व्हतं."

मी म्हणाले, मी सांगेन, प्रत्येकाला सांगेन. ती म्हणाली, "सांगणं बास झालं." मग बांधाकडे चालू लागली.

तो सांधा तसाच होता. कुणीतरी वर प्लास्टिकची पिशवी बांधली होती. त्या दिवसापासून त्या केबलला कुणी हात लावला नव्हता. पाणी शेजाऱ्यांच्या बोअरवरून घेताहेत.

"धरा," ती म्हणाली.

"काय?"

"सांधा. तुमी धरा. पट्टी मारायची ऱ्हायलीय."

लाईट होती. मी स्टार्टरकडे गेले. आधी ऑटो बंद केला. मग मेन स्विच पाडला, फ्यूज काढून माझ्या पिशवीत टाकले. पेटी उघडली. येताना अल्ताफभाईंच्या दुकानातून घेतलेल्या टेस्ट लॅम्पने जिवंत बाजू तपासली, दिवा पेटला, म्हणजे दिवा चांगला. मग मोटरकडे जाणारी एकेक तार तपासली. दिवा पेटला नाही. पुन्हा एकदा सगळ्या तपासल्या. रोहिणी शेजारी उभी राहून प्रत्येक गोष्ट बघत होती. घराच्या पायरीवर गेणबा येऊन उभे राहिलेले दिसले.

मग बांधावर जाऊन उकिडवी बसले. पिशवी सोडली. खाली तांब्याची तार काळी पडलेली होती.

आता त्यात वीज असणं शक्य नव्हतं. मला हे जितकं माहीत आहे तितकं कमीच गोष्टींबद्दल माहीत असेल. तरीही हात पुढे जाईना. तळहात सांध्यापासून वीतभर वर आणला आणि तो तिथेच अडला. रोहिणीला तो अडलेला हात दिसत होता, आणि तिला दिसतोय हे मला दिसत होतं. लपवायला काही नव्हतं.

मी उठले, पुन्हा पेटीपाशी गेले, फ्यूज पिशवीत आहेत ना पाहिलं, पुन्हा दिवा लावून पाहिलं, परत येऊन बसले.

"हां," रोहिणी म्हणाली. "आता बरोबर. त्या दिशी आसं भिऊन दावलं आसतं, तर मीबी भ्याले असते."

मी सांधा धरला. तांबं गार होतं. तिने डाव्या हाताने चिकटपट्टीचं टोक दाताने सोडवून दिलं आणि मी गुंडाळायला लागले. माझी पट्टी वाकडी बसत होती. तिने बोटाने दाखवलं.

"हितं उघडं ऱ्हातंय. आनखी एक येढा मारा."

मी मारला.